कायम न झालेलं इतिवृत्त

बंद पडलेल्या कचेरीत आजही बिनचूक हजेरी लावणारा एकच कारकून या देशात असेल, तर ते माझ्या बायकोचे मामा. जबलपूरभोवतालच्या खेड्यांचा कारभार पाहणारी जनपद सभा सरकारनं मोडीत काढली तेव्हा मामाजी एकोणीस वर्षांचे होते आणि नोकरीला सात महिने झाले होते. आज ते त्र्याऐंशीचे आहेत. त्या सात महिन्यांचा इतिहास ते गेली बावीस वर्षं लिहीत आहेत. पानं सहाशे चौदा. मी मोजली आहेत. त्यातली एक्केचाळीस सभेच्या कोंडवाड्यावर. कोंडवाड्यात अकरा गुरं मावत, म्हणजे दर गुरामागं पावणेचार पानं. एवढी जागा वर्तमानपत्रात मंत्र्यालाही मिळत नाही. भाच्यानं महाराजपुरात घर घेतलं, तेव्हा पेढा तोंडात टाकून मामाजी एवढंच म्हणाले, "अच्छा, म्हणजे तू आमच्या कोंडवाड्यात राहून राहिला!"

इतिहास अडला होता तो शेवटच्या प्रकरणाशी. प्रत्येक सभेत आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करतात. शेवटच्या सभेनंतर सभाच झाली नाही, त्यामुळं मामाजींनी स्वतःच्या हातानं लिहिलेलं तिचं इतिवृत्त तसंच राहिलं. "कायम नाही झालं, तर सभा संपली काहून म्हणता, जावईबापू?" सभासदांपैकी एकच हयात होते, रिछाईपलीकडच्या खेड्यातले चौऱ्याण्णव वर्षांचे दादा, आणि तेही अंथरुणाला खिळलेले. मामाजींची झोप त्यामुळं उडाली होती; दादा आहेत तोवर त्यांच्यापुढं सभा भरवून इतिवृत्त कायम करून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

"एकट्यानं गणपूर्ती होत नाही," मी नियम दाखवला.

"गणपूर्ती नसली की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. चलो, स्कूटर काढा!"

दादांनी मामाजींना ओळखलं नाही. पण कागद दिसताच ते उशीला टेकून बसले. "पढ़ो, बाबू."

मामाजींनी हजर सभासदांची नावं वाचायला घेतली. पहिल्या नावाला दादा म्हणाले, "गए." दुसऱ्याला, "गए." सतरा नावं होती. सोळा वेळा "गए" झालं आणि मग, जरा मोठ्यानं, "हाजिर." पुढं दोन विहिरी आणि एक पूल मंजूर झाला. दादांनी सही केली आणि विचारलं, "तुम्हारा नाम कहाँ है, बाबू?"

"बाबूचं नाव नसते, दादा. अक्षर असते."

झालं, सुटलो, असं मला वाटलं. पण मामाजींनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि आजच्या सभेचं इतिवृत्त लिहायला घेतलं. "हे पुढच्या सभेत कायम करावं लागंल."

"कब?" दादांनी विचारलं.

मामाजींचं पेन थांबलं. त्र्याऐंशी आणि चौऱ्याण्णव. आयुष्यात पहिल्यांदा मी बेरीज केली नाही. पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार मीच सुचवला.