चाखणकरांची जीभ

कारखान्यात त्यांचं खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. बाकी सगळे त्यांना चाखणकर म्हणत. सूपची पावडर करणारा तो कारखाना. रोज सहा बॅच निघायच्या आणि प्रत्येक बॅचमधली चमचाभर पावडर गरम पाण्यात ढवळून चाखणकरांनी जिभेवर घेतल्याखेरीज पाकिटं भरायची नाहीत, असा थोरल्या मालकांच्या वेळेपासूनचा नियम. चाखणकर घोट तोंडात घोळवायचे, डोळे मिटायचे, बेसिनमध्ये थुंकायचे आणि सांगायचे, मीठ चिमूटभर जास्त. मग वजनकाट्यावरची माणसं निमूटपणे मीठ कमी करायची.

सव्वीस वर्षं हा मान त्यांनी मिरवला. मिरवला म्हणजे काय, अगदी डोक्यावर घेऊन नाचले. जीभ बिघडेल म्हणून तंबाखू नाही, मिरची नाही, वाफाळता चहा नाही. घरी बायकोने ताट वाढलं की पहिल्या घासालाच नाक मुरडायचे. ती काही बोललीच तर यांचं उत्तर ठरलेलं: "तुला काय कळतंय चवीतलं!" बाई गप्प बसायची. नवरा त्या विषयातला अधिकारी माणूस, त्याच्याशी कोण हुज्जत घालणार?

दोन वर्षांपूर्वी चाखणकरांना ताप आला. नवव्या दिवशी तो उतरला आणि बायकोने चहा दिला, तर तो नुसतं कोमट पाणी. त्यांनी साखर मागितली, दोन चमचे घातली, तरी पाणीच. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मीठ जिभेवर ठेवलं, लिंबू चाटलं, हिंगाची डबी नाकाशी धरली. काही नाही. डॉक्टर म्हणाले, चव येईल हळूहळू. ती आली नाही.

निवृत्तीला तेव्हा चार वर्षं होती. ज्याच्या जिभेवर कारखाना चालतो त्याची जीभच गेली हे कळलं तर कोण ठेवणार? चाखणकरांनी ही गोष्ट बायकोशिवाय कुणाला सांगितली नाही. घर कारखान्याच्या समोरच होतं. दुपारी तीन बॅचचे आणि संध्याकाळी तीन बॅचचे नमुने बाटल्यांत भरून ते पिशवीतून घरी न्यायला लागले. बायको चाखायची आणि हे तीन प्रश्न विचारायचे. मीठ? आंबट? बिघडलंय का? ती हो म्हणायची किंवा नाही म्हणायची. तेवढं ऐकून चाखणकर परत जायचे, सगळ्यांसमोर घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. कुणाला शंका आली नाही. खरं सांगायचं तर डोळे मिटण्याचा अभिनय आता जास्तच चांगला व्हायला लागला होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना परदेशातल्या एका कंपनीचं पत्र आलं. वर्षभराचा माल घ्यायची त्यांची तयारी होती, पण अट एकच: तुमचा चाखणारा आणि आमची चाखणारी समोरासमोर बसतील, दोघांचं चवीवर एकमत झालं तर सही. धाकटे मालक स्वतः घरी सांगायला आले. थोरल्यांच्या मागे कारखाना तेच बघत होते आणि चाखणकरांना लहानपणापासून काका म्हणत होते.

"काका, आता सगळं तुमच्या जिभेवर आहे," ते म्हणाले.

चाखणकरांनी प्रसंगावधान राखून सांगितलं की पोट नाजूक झालंय, पथ्य आहे, बायकोवाचून परदेशात निभायचं नाही. मालकांनी एका शब्दाने विचारलं नाही, काकूंचंही तिकीट काढलं.

निघायच्या आधी आठवडाभर नवरा-बायकोची तालीम चालली. चार लोकांत प्रश्न विचारता येणार नव्हते म्हणून चमच्याच्या खुणा ठरल्या. चमचा बशीत उजवीकडे ठेवला तर मीठ जास्त. डावीकडे ठेवला तर आंबट. वाटीतच राहू दिला तर सगळं ठीक. आणि चमचा उपडा घातला तर माल खराब, तोंड लावू नका. बाई रोज वरणाच्या वाटीवर सराव करायची आणि चाखणकर समोर बसून परीक्षा घ्यायचे.

तिथे पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कंपनीने जेवण ठेवलं होतं. लांबलचक टेबल, पांढरं कापड, प्रत्येकासमोर चमच्यांची रांग. इतके चमचे बघून बाई आधीच गोंधळली. समोर कंपनीची चाखणारी बसली होती, सत्तरीच्या घरातली, पिकल्या केसांची आजीबाई. सोबत आलेल्या मालकांना तिथली भाषा कामापुरती येत होती, त्यामुळे भाषांतर तेच करत होते.

सूप आलं. बाईने चमचा वाटीत राहू दिला, चाखणकरांनी डोळे मिटून छान म्हटलं. मग अख्खा मासा आला, डोक्यासकट, डोळ्यांसकट, आणि तोही थंडगार. बाईने धीर धरून घास घेतला आणि चमचा उजवीकडे ठेवला. चाखणकर म्हणाले, मीठ थोडं पुढे आहे. आजीबाईने मान डोलावली. चाखणकरांचा जीव भांड्यात पडला.

शेवटी लाकडी फळीवर चीजचा मोठा तुकडा आला. आतून हिरव्यानिळ्या रेषा गेलेल्या. बाईने वाकून पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. बुरशी! तिच्या घरात बुरसटलेल्या पावाचा तुकडासुद्धा कधी उंबऱ्याआत राहिला नव्हता. मन घट्ट करून तिने कणभर जिभेवर ठेवलं, आणि चमचा उपडा घातला. नवऱ्याला दिसलं नसेल तर पंचाईत, म्हणून शेजारचा दुसरा चमचाही उपडा घातला.

चाखणकरांनी आपल्या ताटलीला हातही लावला नव्हता. ते भरदार आवाजात म्हणाले की हे नासलंय, पाहुण्यांना असलं वाढू नये.

मालकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग चाचरत भाषांतर केलं. ते चीज आजीबाईच्या सख्ख्या भावाने मुद्दाम बुरशी धरू देऊन तीन वर्षं तळघरात मुरवलेलं होतं आणि खास या पाहुण्यांसाठी आज कापलं होतं. मालकांचे कान लाल झाले. चाखणकरांना तर धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. आजीबाई मात्र चिडली नाही. ती टेबलावरच्या दोन उपड्या चमच्यांकडे बघत होती.

खोलीवर आल्या आल्या चाखणकर बायकोवर उखडले. नुसतं बघून कसला निकाल देतेस, म्हणाले. ती पलंगाच्या काठावर बसून पायांतले मोजे काढत होती.

"चव वाईट नव्हती हो," ती म्हणाली, "अनोळखी होती. पण अनोळखीसाठी आपण खूणच ठरवली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी परीक्षा. कंपनीची चाखायची खोली म्हणजे पांढऱ्या भिंती, प्रत्येक खुर्चीशेजारी स्टीलचं बेसिन आणि नळ, आणि मध्ये काचेचं दार. आजीबाईने बाईंना अगदी अगत्याने काचेपलीकडच्या खोलीत बसवलं आणि हातात चहाचा कप दिला. चमचा दिला नाही. चाखणकरांना काचेतून बायको दिसत होती आणि तिच्याकडे बघून काही उपयोग नव्हता.

त्यांच्यापुढे तीन वाट्या आल्या. पहिलीला ते म्हणाले, मीठ किंचित जास्त. सव्वीस वर्षांचा अनुभव होता, दहातल्या सहा वेळा मीठच जास्त असतं. दुसरीला म्हणाले, आंबटपणा कमी करा. मालक भाषांतर करत होते, आजीबाई लिहून घेत होती. आपलं जमतंय असं वाटून चाखणकरांना थोडा चेव आला. तिसरी वाटी त्यांनी तोंडात घोळवली, डोळे मिटले आणि म्हणाले की कांदा सुरेख परतलाय आणि मागून मिरी येते.

आजीबाईने पेन खाली ठेवलं आणि मालकांशी बराच वेळ काहीतरी बोलली. 

"काका," मालक म्हणाले, "तिसऱ्या वाटीत नुसतं पाणी आहे. रंग घातलेलं गरम पाणी."

आजीबाई उठली, काचेचं दार उघडून तिने बाईंना आत आणलं आणि चाखणकरांना उठायची खूण करून त्यांच्याच खुर्चीवर बसवलं. पहिली वाटी पुढे सरकवली. बाईने घोट घेतला आणि सवयीने नवऱ्याकडे पाहिलं.

"सांग," चाखणकर म्हणाले.

"मीठ बरोबर आहे," ती हळूहळू बोलायला लागली. "कांदा करपला होता, मग साखर घालून झाकलाय. गाजर जुनं आहे, मातीचा वास येतोय त्याला. आणि हे ज्या भांड्यात उकळलं ना, त्यात आधी दूध तापवलं असणार."

मालक एकेक वाक्य सांगत गेले आणि आजीबाईचे डोळे मोठे होत गेले. कांदा तिने मुद्दाम करपवला होता. गाजर मुद्दाम जुनं घेतलं होतं. दुधाचं तिलाही माहीत नव्हतं. तिने आतल्या स्वयंपाक्याला बोलावून विचारलं, तो ओशाळून हो म्हणाला.

चाखणकर भिंतीला टेकून उभे होते. एका घोटात एवढं सगळं? त्यांना स्वतःला, जीभ धडधाकट होती तेव्हासुद्धा, मीठ, आंबट, तिखट यांच्या पुढचं काही कधी लागलं नव्हतं. आणि जिला हे सगळं लागतं, तिला आपण तीनच प्रश्न विचारत आलो.

"मालक, दोन वर्षं चव हीच घेते," ते म्हणाले. "माझी जीभ तापात गेली. मी फक्त हिचं ऐकून बोलतो."

मालक खुर्चीवर बसले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते अगदी साध्या सुरात म्हणाले, "काका, दोन वर्षांत आपला एकही माल परत आलेला नाही. त्याआधी वर्षातून दोनदा तरी यायचा."

टोचून बोलायचा त्यांचा इरादा नव्हता, आणि म्हणूनच ते चाखणकरांच्या जिव्हारी लागलं. पुढचं सगळं तासाभरात उरकलं. करारावर चाखणारी म्हणून काकूंचं नाव पडलं, परतल्यावर त्यांना कारखान्यात रीतसर खुर्ची मिळणार होती. काकांनी उरलेली दोन वर्षं गोदाम सांभाळायचं. काढून टाकत नाही, मालक म्हणाले, पण माझ्यापासून लपवलंत हे मला फार लागलं.

मालक कागदपत्रं करत बसले तेव्हा नवरा-बायको कोपऱ्यावरच्या एका छोट्या खाणावळीत गेले. चारच टेबलं होती. वाफाळता रस्सा आला आणि सोबत जाड पाव. आपल्यामुळे नवऱ्याची खुर्ची गेली म्हणून बाई खाली मान घालून पावाचे तुकडे रश्श्यात बुडवून खात होती. चाखणकरांनीही पाव बुडवून तोंडात घातला. गरम आणि मऊ, याच्यापलीकडे काही नाही.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"मीठ ठीक. आंबट नाही. बिघडलेलं नाही."

"तसं नाही. कसं लागतंय, ते सांग."

"कुणाला कळवायचंय?"

"कुणाला नाही. मलाच."

मग पाव बशीत ठेवून तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात दोन महिने मी तुमच्या भाजीत मीठच घातलं नाही. तुमच्यापुरती आधी काढून ठेवायचे. म्हटलं, चव नाही कळत तर नाही, पण आज कसं झालंय एवढं तरी एक दिवस विचाराल, मग सांगेन."