पडद्यावरची ताई

ऑफिसात सगळे तिला आक्का म्हणत. पडद्यावर धडे शिकवणारी माणसं घडवणं हे तिचं काम. इतकी वर्षं तिची माणसं साधीच असत. गोल चेहरा, टिकलीएवढे डोळे, चार रेषांत सगळा मामला. यंदा साहेब म्हणाले, "बाई अगदी खऱ्या वाटल्या पाहिजेत. कातडीवरची छिद्रंसुद्धा दिसू देत."

खरी बाई म्हटल्यावर आक्काला एकच चेहरा आठवला. तिची थोरली बहीण तिसरीच्या वर्गाला गणित शिकवायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या तासांचे व्हिडिओ भावजींनी जपून ठेवले होते. आक्काने ते मागून घेतले आणि चार महिने खपली. ओठावरचा तीळ उतरवला, डाव्या भुवईतली खाचही सोडली नाही. आवाज त्या व्हिडिओंतूनच घडवला.

चाचणीसाठी एका शाळेत पडदा लावला. अपूर्णांकांचा धडा होता. एरवी अशा वेळी नुसता गलका. पण वर्ग चिडीचूप. एकाही मुलाने उत्तर दिलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "त्या आपल्याकडे बघतात, पण आपण त्यांना दिसत नाही."

साहेबांनी हात टेकले. आक्काने आठवडाभरात गुबगुबीत गालांची, भल्यामोठ्या चष्म्याची बाई काढली. मुलं तिच्याशी भांडूसुद्धा लागली. शाळाशाळांत तीच गेली.

त्या हुबेहूब बाईची प्रत मात्र भावजींनी मागितली. "चेहरा तिचा, आवाज तिचा. मग माझ्या घरी का नको?" आक्काला नाही म्हणवेना.

महिन्याने ती भेटायला गेली, तर भाचीने दारातच सांगितलं, "मावशी, बाबा जेवायलाही त्या बाईसमोर बसतात. मी त्या खोलीत जात नाही."

आत भावजी वही घेऊन बसले होते. भिंतीवर ताई पाव आणि अर्धा मिळवत होती.

"भावजी, बंद करू या का?"

"धडा संपू दे. मध्येच उठलेलं तिला खपत नाही."

आक्काने रिमोट उचलला, तोच ताईने विचारलं, "समजलं का?" आणि ती उत्तरासाठी थांबली. मुलांना बोलायला सवड मिळावी म्हणून तो थांबा आक्कानेच मोजूनमापून ठेवला होता.

भावजी आक्काकडे बघत राहिले.

"हो, ताई," ती म्हणाली, आणि खाली बसली.

तेव्हापासून ती दर रविवारी जाते. भाची त्या वेळी घराबाहेर पडते.