सरांचा वजनकाटा

…आणि काटेवाल्याने सरांचा वजनकाटा उताणा पाडला, त्याच्या पोटातली स्प्रिंग चिमट्यात धरली आणि गालातल्या गालात हसला. काल इथवर आलो होतो, तेवढ्यात मला जेवायला हाक आली. काही जण काल नव्हते, तेव्हा आधी माणूस ओळखीचा करून देतो.

काटेवाला म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करणारा. अख्ख्या गावात दुसरा नाही. त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून मी इतका चहा ढोसलाय, की एव्हाना बाकाने मला भाडं मागायला हवं होतं.

त्याची धाकटी पळण्यात पटाईत, शाळेच्या संघात होती. संघाचे सर दर सोमवारी मुलींना सगळ्यांदेखत काट्यावर उभं करायचे. एकदा हिची पाळी आली तर म्हणाले, "पोतं आलं, बाजूला व्हा." पोरी हसल्या. हीही हसली. घरी आली आणि जेवण टाळायला लागली.

पुढे घराची काय दशा झाली ती मी डोळ्यांनी पाहिलीय. पोरगी खाल्लेलं ओकून टाकते की काय, म्हणून आई न्हाणीच्या दाराला कान लावून बसायची. थोरला बाहेरच खाऊन यायचा, कारण घरात ताट मांडलं की भांडण ठरलेलं. तुम्हीच लाडावलंत, तूच दटावलंस, असं नवराबायकोचं चालायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा हट्ट नव्हे, आजार आहे, वेळ लागेल. मग पोरगी सारखी वजन करते म्हणून काटेवाल्याने घरातला काटा उचलून दुकानात कुलपात ठेवला.

तेव्हापासून पोरगी दुपारी बापाचा डबा घेऊन स्वतः दुकानात येऊ लागली. हा हरखून गेला. मला म्हणायचा, "काका, बापावर जीव आहे हो तिचा." डबाही कसा, भरगच्च. एकदा गिऱ्हाइकाकडून लवकर परतला, तर पोरगी धान्याच्या काट्यावर उभी. आणि डबा उघडला तर बापाच्या जेवणाखाली तिच्या वाटणीचं दडवलेलं. इतके दिवस हा ते मिटक्या मारत खात होता.

तेव्हा त्याचं डोकं फिरलं. आधी बायकोवर, मग माझ्यावर, आणि शेवटी सगळा राग सरांवर जाऊन बसला. योग बघा, सरांचा काटा बिघडून त्याच्याच दुकानात आला. सर स्वतःही रोज त्यावर चढायचे. लग्नातला कोट अजून अंगाला होतो, हे आल्यागेल्याला ऐकवायचे. याने स्प्रिंग अशी बसवली, की चढेल तो तीन किलो जड भरावा.

"आता सुकू दे त्याला," मला म्हणाला. "रोज सकाळी पोटात गोळा येऊ दे."

खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या झाल्या. सर खुशीत काटा घेऊन गेले, आणि मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. त्याने बायकोला सगळं ऐटीत सांगितलं. ती पोरीचं ताट वाढत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"त्या काट्यावर पोरीही चढतात ना?"

"कोणत्या पोरी?"

"लोकांच्या. सोमवारी."

हा चपला न घालताच सुटला. मागे मी, धापा टाकत. मैदानावर सरांना म्हणाला, "एक स्क्रू राहिलाय." काटा काखोटीला मारून परत आणला आणि शांतपणे त्याचा एकेक भाग सुटा केला. राग मात्र तसूभरही उतरला नव्हता. उलट आता बायकोही चहा घेऊन दुकानात येऊन बसायची आणि ते सुटे भाग डोळे भरून बघायची.

मग सर आले. "काय मालक, काटा? सामने तोंडावर आलेत, पोरींची वजनं राहिलीत."

"नाही झाला."

"कधी होईल?"

"सांगता येत नाही."

सर कावले. "चेष्टा लावलीय का? नवा घेतो मी."

काटेवाल्याने हातातला पाना खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघत सावकाश म्हणाला, "घ्या ना, सर. तोही कधीतरी बिघडेल, आणि बिघडला की इथेच येईल. माझी पोरगी ताटातलं सगळं संपवेल ना, त्या दिवशी दोन्ही एकदमच दुरुस्त करून देतो. तोवर रोज या आणि रोज विचारा. आम्हीही घरी रोज तेच विचारतो."