शिवेपल्याडचा दुर्गेश

मी सुमित्रा, हिंगणीकडच्या एका लहानशा गावची पोलीस पाटील. तोंडानं फटकळ हाव, हे गावच सांगन.

दुर्गेश सतरा वर्षांचा. शेतातल्या पाण्याच्या मोटरी चोरताना तीनदा सापडला, दोनदा आत राहून आला. तिसऱ्यांदा बाल न्याय मंडळ म्हणे, कोंडून फरक पडून नाई राह्यला, आता गावानंच सांभाळावं. परवानगीशिवाय त्यानं शीव ओलांडायची नाई, दर सोमवारी मी अहवाल द्यायचा. अट मोडली का पुन्हा आत. ग्रामसभेत सगळ्यायनं हात वर केले. हात वर कराले काय जाते!

मंग गावातल्या हेमराजची कोंबडी दिसली नाई का चाला दुर्गेशच्या घरी. कोंबडी निघाली कुटाराच्या, भुशाच्या ढिगात, अंड्यावर बसलेली. माफी कोणी मागतली? छ्या! नळयोजनेची मोटर पोरानंच सुधारली, तरी पाणी भरताना बायांचा डोळा त्याच्यावरच.

आमच्याकडं पोळ्याला दारोदार पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मारबतीच्या नावानं ओरडत ओरडत त्या शिवेबाहेर फेकायच्या, म्हणजे ती मारबत गावची पीडा घेऊन जाते. औंदा मले वाटलं, हा मान दुर्गेशले द्यावा, पोरगा गावचा होईल. माही अक्कल चरायले गेलती!

तो फांद्यांचा भारा घेऊन पुढं, गाव मागं.

"खोकला-ताप घेऊन जा गे मारबत!"

"ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत!"

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "चोर घेऊन जा गे मारबत!" हशा पिकला. सारं गाव तेच ओरडाले लागलं.

दुर्गेशनं शिवेवर भारा फेकला नाई. तो तसाच शीव ओलांडून नाल्यापार गेला. लोकं हातपाय धुऊन घरी आले, दुपार झाली, पोरगा नाई. मी धावतच गेली. भाऱ्याजवळ बसून होता.

"ऊठ बापा, घरी चाल. मले लिहा लागलं तं तू पुन्हा आत जाशीन."

"जाऊ द्या काकू. तिथं कुलूप दिसते तरी."

"तुह्या मायनं सकाळपासून घास नाई खाल्ला."

मायचं नाव काढलं तसा उठला. शिवेच्या दगडापाशी थांबला, माह्याकडं पाहून म्हणे, "काकू, तुमीबी ओरडल्या ना?"

खोटं कसं बोलू? साऱ्यायच्या भरात माहंही तोंड चाललं होतं.

"हो रे," म्हटलं.

तो मान खाली घालून गावात शिरला.