हिरॉईनचं नाव हौसा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. तुटलेली बटणं डब्यात टाकत जावीत, तसे ते साठतात. गारखेड्यातल्या आमच्या महिला मंडळाचा डबा तर काठोकाठ भरलाय. दर दिवाळीला आम्ही कथांचं हस्तलिखित काढतो. कथा चार दिवसांत होतात, पात्रांच्या नावांवरून मात्र महिनाभर भांडतो!

वैजापूरच्या कमलताईंनी एका विधवेची कथा लिहिली. सगळ्या रडल्या. मग एकीनं डोळे पुसत विचारलं, "आडनाव काय हो तिचं?"

कमलताई म्हणाल्या, "आडनाव कळल्याबिगर रडू येत नाय का तुम्हाला?"

तेव्हापासून आमच्या अंकात कुणालाच आडनाव नाही!

*

इंदूबाईंच्या कथेत एक दारुडा होता. कोणतंही नाव सुचवा, ते कुणाच्या दिराचं नाहीतर जावयाचं निघायचं. कंटाळून त्यांनी स्वतःच्या नवऱ्याचंच नाव घातलं. "घरच्या घरात राहील," म्हणाल्या.

वाचनाच्या दिवशी पंचाईत! उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव जन्मात घेतलेलं नाही. मग वाचायला लागल्या, "हे पिऊन आले. ह्यांनी भांडी फेकली..."

त्यांच्या मालकांनी कधी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. ते समोरच बसले होते. उठून म्हणाले, "अगं, मी कवा?"

"गप बसा! चाळीस वर्षं मी ऐकलं, आज तुम्ही ऐका!"

*

मग माझी पाळी आली.

मी चौथी मुलगी. सुईण म्हणाली होती, "नकुसा ठेवा, म्हंजे पुढं पोरगा व्हईल." वडील म्हणाले, "मला लई हौस होती हिची," आणि नाव ठेवलं हौसा. लग्नात सासूबाईंनी पसंत केलेलं नवं नाव ताटातल्या तांदळात लिहिलं गेलं: सुनंदा. पुढं हौसा म्हणून हाक मारणारे फक्त वडील उरले. तेही गेले.

म्हणून मी कथेतल्या मुलीचं नाव हौसा ठेवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हिरॉईनला गावंढळ वाटतं. आर्या करा, नाहीतर कथा अंकात नाही."

मला आवाज चढवता येत नाही. मी हळूच कागद मागे घेतले. "एकदा बदललं, तेव्हा मी गप्प बसले. आता बदलणार नाही. राहू द्या कथा."

कमलताई उठल्या, "माझी पण द्या." इंदूबाई म्हणाल्या, "माझी बी!" मग बाकीच्यांनीही आपापले कागद परत मागितले.

अध्यक्षबाईंच्या हातात त्यांचं संपादकीय तेवढं उरलं! हौसा पहिल्या पानावर आली.

*

अंक घरी आणला. सासूबाई पंच्याऐंशीच्या, माहेर सोयगावचं. ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कथा वाचून दाखवली. हौसाचं नाव आलं तसा त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

वाचून झालं. मग म्हणाल्या, "पुढच्या गोष्टीत ठकू नावाची पोरगी घाल."

"ठकू कोण, आत्याबाई?"

त्यांनी ताटातले तांदूळ तळहातानं सारखे केले. साक्षरता वर्गात शिकलेल्या वाकड्या अक्षरांत बोटानं लिहिलं: ठकू.

"नीट बघून घे," म्हणाल्या. "अन् कुणी कितीबी म्हणू दे, बदलू नको."