वडूज–सातारा एसटीतले बाबा आणि माझा स्लॉट

भूत, करणी, चकवा... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. माझं वडूजला चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारा माणूस मी — दिसतं तेवढंच खरं, असं धरून चालणारा. म्हणूनच हे लिहू की नको, यात बरेच दिवस गेले.

मोबाईलवर स्लॉटची अ‍ॅप्स सहज मिळायची, तेव्हाची गोष्ट. बटण दाबलं की तीन चाकं फिरतात, तिन्हीवर सारखं चित्र आलं की पैसे. मी खेळायचो, पण नियमानं. दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळ्या वॉलेटमध्ये टाकायची, ती संपली की पुढच्या महिन्यापर्यंत बंद. घरात खेळायचं नाही. गेलेले पैसे परत काढायच्या नादाला लागायचं नाही. बायकोला, वैशालीला, सगळं ठाऊक होतं. या नादात बुडालेल्या मित्रांना मी ऐटीत सांगायचो, "गेमचं काय न्हाई गड्या, आपला कंट्रोल पाहिजे."

उन्हाळ्यातली दुपार होती. चष्म्याच्या काचा आणायला साताऱ्याला निघालो होतो. पुसेगावला बरीच एसटी रिकामी झाली आणि एक वयस्कर बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, कापलेली स्वच्छ नखं. कंडक्टरनं त्यांना तिकीट दिलं, सुट्ट्या पैशांवरून दोघांची थोडी कुरबुरही झाली. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर म्हणाल मला भास झाला.

वॉलेटमध्ये त्या महिन्याचे थोडेच पैसे उरले होते. मी गेम उघडला, बटण दाबलं.

"घंटा येतीय बघ," बाबा म्हणाले.

चाकं थांबली. तीन घंटा.

मी हसलो. "आवं बाबा, तुमी पण खेळता व्हय?"

"न्हाई रं. आता काय येत न्हाई. बारकं लाव."

काहीच आलं नाही. मग "लिंबू" म्हणाले, लिंबू आलं. "सात" म्हणाले, सात आले. चाकं फिरत असतानाच सांगायचे. मी वळून त्यांच्याकडं नीट पाहिलं. दोन्ही डोळ्यांत पूर्ण पिकलेला मोतीबिंदू. असे डोळे मी रोज बघतो. अशा माणसाला उजेड कळतो, फार तर समोर हललेला हात. मोबाईलवरचं चित्र? शक्यच नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. पण वॉलेट फुगत चाललं होतं.

"बँकेतलं घाल की," ते म्हणाले.

आणि मी घातले! इतकी वर्षं पाळलेला नियम, पण बोट एकदाही अडखळलं नाही. कोरेगाव कधी आलं नि गेलं, कळलंही नाही. कानात नुसतं त्या गेमचं म्युझिक. मग बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आता पैसं नगं. लय झालं पैसं. दुसरं कायतरी लाव."

"दुसरं काय?"

"घरात कोण कोण हाय तुझ्या?"

अगदी साधा आवाज. घरी आलेला पाहुणा विचारतो ना, तसा. वैशालीचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंड घट्ट मिटलं गेलं. मी मोबाईल बंद केला.

"न्हाई सांगायचं? बरं." राग नाही, काही नाही. उठले आणि दांडी धरत दोन सीट पुढं जाऊन बसले. तिथं बियाणे कंपनीची टोपी घातलेला, चाळिशीतला एक माणूस मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. थोड्या वेळानं तेच म्युझिक ऐकू आलं. तो खदखदून हसायला लागला. बाबा त्याच्या कानाशी वाकले, आणि त्याचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं —

"आई हाय. मंडळी हाय. थोरला भाऊ हाय, कुंडलला."

मी ताडकन उठलो. तेवढ्यात एसटी एका फाट्यावर थांबली, बाबा शांतपणे उतरून गेले. मी त्या माणसाला गाठलं.

"पाव्हणं, काय लावलंत तुमी?"

"कुठं काय? म्हातारं गंमत करत हुतं," तो म्हणाला आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. तीन सारखी चित्रं. खाली लांबलचक आकडा. "हे किती झालं वो? वाचा की जरा."

मी वाचायच्या आधीच त्याचा फोन वाजला. हसतच त्यानं तो कानाला लावला.

"बोला वैनी..."

हसू तोंडावर तसंच राहिलं.

"दादा? आवं, सकाळीच तर बोललो की मी त्येच्याशी..."

मी त्याला धरून खाली बसवलं, पाणी पाजलं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर कुंडलला जायला कराडच्या गाडीत बसवून दिलं. त्याचा भाऊ रानात काम करता करता कोसळला होता, हार्ट अटॅक. आधी कसलं दुखणं नव्हतं म्हणे.

मी त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाकलं. जिंकलेल्या पैशांना हात लावला नाही. वैशालीला सगळं सांगितलं.

नंतर एकदा त्या माणसाचा फोन आला. स्टँडवर त्यानं माझा नंबर घेतला होता. आवाज पार बसला होता.

"त्यानं इचारलं, मी सांगितलं. म्हंजी मीच लावलं का वो दादाला?"

मी म्हणालो योगायोग असतो, मनाला लावून घेऊ नका. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्यांना चाकं कशी दिसली, ते मलाही कळलेलं नाही, आणि बाबांनी मलाही घरात कोण कोण आहे विचारलं होतं, हेही सांगितलं.  तो म्हणाला, "इचारलं तर तुमाला बी हुतं. तुमी का न्हाई सांगितलं?"

कंट्रोल होता, असं म्हणायची सोय नव्हती... तो तर कधीच सुटला होता. मग त्या क्षणी माझं तोंड कुणी बंद केलं?