मनकर्णाबाईची चूल

दौलताबादच्या रस्त्याला पडेगावात मनकर्णाबाई सीताफळं विकायची. कुणी फार घासाघीस केली की "मंग झाडालाच इचारा जाऊन" म्हणायची. तोंडाची फटकळ, पण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीनं तिच्या हातचे डिंकाचे लाडू खाल्लेत. मीही खाल्लेत. नवरा लवकर गेला. लेक भागू फर्दापूरला दिली, आणि मुलगा बद्रीनाथ वाळूजच्या एका कंपनीत लागला.

एका सकाळी कंपनीत टाकी फुटली आणि बद्रीनाथ जागीच गेला. फोन शेजारच्या काकासाहेबांना आला. आमच्याकडे माणूस घरी आणेपर्यंत आईला सांगत नाहीत. लागलंय म्हणायचं, तिच्या पोटात दोन घास जाऊ द्यायचे, आणि रक्ताचं माणूस आलं की त्यानं तिला कवेत घेऊन सांगायचं. भागू फर्दापूरहून निघाली होती. ती येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं, एवढंच आमचं काम होतं.

मनकर्णाबाईनं चूल पेटवली. "दवाखान्यातलं त्याला गोड लागायचं नाय," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? पण थांबवायचं कोणत्या तोंडानं? मी मुकाट्यानं पिठाचा डबा पुढं सरकवला.

तेवढ्यात चॅनलची गाडी आली. काकासाहेबांनी दारातच हात जोडले, आईला अजून सांगितलेलं नाही म्हणाले. ते ऐकून त्या बातमीदाराला उलट जास्तच घाई झाली. बुटांसकट तो चुलीपाशी आला आणि माइक तिच्या तोंडापुढं धरला.

"मावशी, तुमचा मुलगा गेला. काय वाटतंय तुम्हाला?"

"कुठं गेला?" तिनं विचारलं. हात पिठातच होते.

ती एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली. नजर माझ्यापाशी आली आणि मी मान खाली घातली. तेवढ्यावर तिला कळलं. ती परातीवरच कोसळली. कॅमेरावाला म्हणाला, चेहरा आला नाही, परत एकदा विचार. आणि त्यानं परत विचारलं. जीभ कशी झडली नाही मेल्याची!

भागू आली तेव्हा तिच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी टीव्हीवर भाकरी थापणारी मनकर्णाबाई दिसली. खाली अक्षरं पळत होती : मुलाचा मृतदेह रुग्णालयात, आई चुलीपुढे. तिला काही माहीतच नव्हतं, हे कुठंच नव्हतं. दहाव्याला आलेले सोयरे कुजबुजले. भागूच्या सासूनं तर तोंडावर विचारलं, एवढी कसली भूक लागली होती? मी एकेकीला समजावून थकले. टीव्हीवर बघितलंय म्हटल्यावर माझं कोण ऐकतंय?

त्यानंतर मनकर्णाबाईनं चुलीला हात लावला नाही. शेजारणींनी दिलेलं खायची, नाही दिलं तर तशीच निजायची.

वर्ष झालं तेव्हा तोच बातमीदार परत आला. अपघाताची आठवण म्हणून बातमी करायची होती. मावशी, त्या दिवशीसारखं चुलीपुढं बसा, दोन भाकरी थापा, म्हणाला. मी खराटा घेऊन उठले, पण मनकर्णाबाईनं माझा हात धरला. त्या माइककडं बघत ती म्हणाली,

"आधी सांग लेकरा, माही भागू बरी हाय ना?"